न सांगता काढलेलं

"वर करा साडी," डॉक्टर म्हणाला. मला नाही, विद्यार्थ्यांना म्हणाला.

दहा-बारा पोरं खाटेभोवती. पडदा कोणी ओढला नाही. त्यानं पोटावरच्या जुन्या टाक्यांवर पेन टेकवलं, आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यावरून त्यानं जात ओळखली, वस्तीही.

"इंदोऱ्याची का? यांना मिलमध्ये जायचा कंटाळा आला की पोट दुखतं."

पोरं हसली. मी छताकडे पाहत पडून राहिले. सव्वीस वर्षांची होते.

पाळी आली की आतून कोणी पिळा घालतंय असं व्हायचं. पाळी गेली तरी दुखायचं. मशीनपाशी उभं राहताना, संडासला बसताना, नवऱ्याजवळ जाताना. लग्नाला आठ वर्षं, मूल नाही. वर्षापूर्वी याच दवाखान्यात पोट फाडलं होतं. आत चिकटलेलं सोडवलं, म्हणाले. चार महिने बरे गेले. मग पुन्हा तेच.

"पिशवी काढून टाकू," डॉक्टर जाता जाता नर्सला म्हणाला. "नवऱ्याचा अंगठा घ्या."

मी उठून बसले.

"मले सही येते. अन् पोट माह्यं आहे. काय काढता ते मले सांगा."

"तुला काय कळणार?"

"मराठीत सांगा, कळन. नाही तं मी सही करत नाही."

या वेळी पोरं हसली नाहीत. तो निघून गेला.

दुपारी एक शिकाऊ डॉक्टरीण आली. स्टूल ओढून बसली. पिशवीच्या आतलं अस्तर बाहेर वाढतं, म्हणाली. दर महिन्याला तिथंही रक्त येतं, सगळं एकमेकाला चिकटतं. पुन्हा नुसतं सोडवलं तर पिशवी राहील, पण दुखणं परत येऊ शकतं. सगळं काढलं तर बहुतेक आराम पडेल, पण मूल कधीच नाही. मग कागद चाळताना ती थांबली.

"मागच्या वेळी डावा बीजांडकोश काढलाय. उजवाही पार चिकटलेला. मूल होणं कठीण, असं लिहिलंय. तुम्हाला माहीत आहे ना?"

मला माहीत नव्हतं. वर्षभर मी दर महिन्याला वाट पाहिली होती.

संध्याकाळी नवरा डबा घेऊन आला. त्याला विचारलं. त्यानं मान खाली घातली.

"डॉक्टरनं मले सांगतलं होतं वं. तू रडशील म्हून..."

"माह्या पोटातलं तुले माहीत, अन् मलेच नाही?"

तो रडला. मला रडू आलं नाही. डबा तसाच राहिला.

चौथ्या दिवशी कागद मागितला, त्या डॉक्टरणीकडून ओळ न् ओळ मराठीत ऐकला आणि सही केली. सगळं काढा. टेबलाकडे नेताना मात्र ऊर फुटला. जे लेकरू आलंच नाही, त्याचं नाव मी कधीचं ठरवून ठेवलं होतं. ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

दुखणं पुष्कळ कमी झालं. गेलं नाही.

आता वस्तीतली कोणतीही बाई दवाखान्यात गेली की मी सोबत जाते. आधी तिला सांगा, म्हणते. काय कापणार, काय उरणार, सगळं सांगा. डॉक्टर खेकसतात, "बाहेर हो."

मी होत नाही. होणार नाही.