सात दुकानांचा गोवर्धन

आमच्या शेजारच्या गोवर्धनच्या पायाला भिंगरी होती. जेवायला बसला तरी एक डोळा दाराकडे. हात धुतले की टोपी चढवायची आणि निघाला जव्हारच्या बाजारात. "आता काय राहिलं आणायचं?" त्याची बायको, पुष्पावतीवहिनी, आतून ओरडायची. "हिंग," तो सांगायचा. हिंग घरात ढीगभर होता. काड्यापेट्या होत्या, साबण होता, आणि बडीशेप तर इतकी की अख्ख्या आळीची लग्नं निघाली असती.

कारण एकच. बाजारात सात दुकानांत त्याची उधारीची खाती होती आणि सातही त्याला चालू ठेवायची होती. आज याच्याकडून काडेपेटी, उद्या त्याच्याकडून गूळ, सगळं उधार. बरं, पैसे बुडवणारा नव्हे. पगार झाला की सगळीकडचं फेडायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. आम्हाला एका दुकानात उधार मिळायची मारामार! चिडवलं तर छाती फुगवून म्हणायचा, "पत लागते, पत!"

संस्थान होतं तेव्हा गोवर्धन दरबारच्या कोठीवर होता. धान्य, तेल, दिवाबत्तीचं सामान त्याच्या हातून जायचं, दुकानदार त्याच्या मागे मागे असायचे. विलीनीकरण झालं, कोठीला कुलूप लागलं आणि गोवर्धन कचेरीत शिपाई झाला. पगार वेळेवर होत होता. पण तेव्हापासून हा माणूस घरात टिकेना.

अशात त्याच्या लेकीला, जानकीला, मोखाड्याचं स्थळ आलं. मुलगा शाळामास्तर, बाप लक्ष्मणशेठ किराणा दुकान चालवणारा. मुलगा बघून गेल्यापासून जानकी गुणगुणत भांडी घासू लागली, तेव्हा तिच्या मनात काय आहे ते सांगायला ज्योतिषी नको होता. आपल्याकडे सोयरीक जुळवताना माणसाला कोणी विचारत नाही, त्याच्या वाण्याला विचारतात. लक्ष्मणशेठ चौकशीला येणार हे कळताच गोवर्धन हरखला. "विचारू दे. एका नाही, सात ठिकाणी विचारू दे!" असं म्हणत त्या सकाळी त्याने ओसरीवर किती येरझाऱ्या घातल्या असतील, देव जाणे.

लक्ष्मणशेठ सातही दुकानं फिरून दुपारी आले. ओसरीवर बसले, पण पुढे ठेवलेल्या पाण्याला हात लावला नाही.

"गोवर्धनराव, मी दुकानदार माणूस. एका दुकानात उधारी असते त्याला आम्ही गिऱ्हाईक म्हणतो. सात दुकानांत असते त्याच्यापासून चार हात लांब राहतो. एकाचं घेऊन दुसऱ्याचं भागवताय ना?"

गोवर्धनचा चेहरा खर्रकन उतरला. "कुणाचा एक पैसा बुडवला नाही मी!"

"तेही सांगितलं सगळ्यांनी. मग घेता कशाला? घरात तर काही कमी दिसत नाही."

गोवर्धन उठला, दारापर्यंत गेला, परत आला. मी तिथेच होतो. मग तो एकदम भडाभडा बोलला. "कचेरीत मला 'ए, इकडं ये' म्हणतात, शेठ. कालची पोरं म्हणतात. बाजारात गेलो की 'या, गोवर्धनराव' म्हणतात. ज्याच्याकडून येणं असतं त्याला कोण विसरतं? रोख देणाऱ्याचं तोंड कुणाच्या ध्यानात राहतं? ही खाती गेली तर मी कोण, तुम्हीच सांगा."



लक्ष्मणशेठ तांब्या ओढून पाणी प्यायले. "मुलगी आम्हाला पसंत आहे. पण सातही खाती मिटवा, आजच. माझा व्याही सात ठिकाणी उधारी करतो, हे मोखाड्यात मला कुणाच्या तोंडून ऐकायचं नाही."

गोवर्धनने दाराकडे पाहिलं. जानकी पदराचं टोक पिळत उभी होती. पुष्पावतीवहिनीने डब्यातले पैसे आणून त्याच्या हातावर ठेवले आणि तो गेला. संध्याकाळपर्यंत एकही खातं उरलं नाही. आळीत साखर वाटली गेली.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर बाजारातून निघालो. प्रत्येक दुकानापुढे त्याची चाल मंदावायची. दुकानदार तराजूत डोकं घालून बसलेले, कुणी मान वर करून बघितलं नाही. अशी सहा दुकानं गेली. मग तो इतका भरभर चालू लागला की मला धाप लागली.

शेवटचं दुकान तंबाखूवाल्या हिराबाईचं. तेही ओलांडलं, आणि मागून हाक आली. "ओ गोवर्धनराव! काल चार आणे जादा दिलेत. घेऊन जावा की!"

वर्षानुवर्षं दरबारचं धान्य मापून देणारा माणूस चार आणे जादा देतो? मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघेना.

"राहू द्या, हिराबाई!" तो मागे वळून म्हणाला, अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "माझे म्हणून तुमच्याकडंच राहू द्या. उद्या येईन मागायला."