टेंपररी सनदेची बॅच

पांढरकवड्याच्या कोर्टात, वकिलांच्या बाररूममध्ये चहा सांगितला आणि दोन खुर्च्या जवळ ओढल्या, की किस्से निघतातच. आमच्या बॅचकडे तर जरा जास्तच साठलेत! आम्ही कोरोनातले वकील. शेवटच्या वर्षाचे पेपर मोबाईलवर, शपथ स्क्रीनवर, आणि सनद कायम करणारी परीक्षा सारखी पुढे ढकललेली. तोवर टेंपररी सनदेवर सिनियरच्या हाताखाली काम करायचं. सिनियर म्हणजे आमचे वानखडे साहेब. ज्युनियर तिघं: मी, तांड्यावरची सविता राठोड आणि राजूरचा प्रफुल्ल. यातल्या काही गोष्टी हसत सांगते. काही सांगताना आवाज आपोआप खाली येतो.

*

सवितानं शेवटचा पेपर शेतात दिला. तांड्यावर रेंज नव्हती. तुरीच्या शेतात, विहिरीच्या कठड्यावर बसलं की मोबाईलला दोन काड्या यायच्या. भर दुपार, कॅमेरा चालू, आणि स्क्रीनवर लाल अक्षरं: 'फ्रेममध्ये दोन चेहरे दिसत आहेत.'

तिनं मागे पाहिलं. मागे नुसती विहीर!

तीन वेळा तीच सूचना आली. चौथ्यांदा आली असती तर पेपरच बंद. सविता कळवळून म्हणाली, "जे कोन असन ते, खाली बस ना वं माय! माह्यं वर्ष जाईन!"

त्यानंतर सूचना आली नाही.

घरी येऊन तिनं याडीला, म्हणजे आईला, सगळं सांगितलं. याडी भाकर थापत होती. तिनं वरही पाहिलं नाही. "बसली ना खाली? मंग भली बाई होती!"

*

शपथ ऑनलाइन झाली. आपापल्या घरात पांढरे कपडे घालून, गळ्याला वकिलाचा बँड लावून आम्ही कॅमेऱ्यासमोर उभे. एक अधिकारी एकेक ओळ वाचायचे, आम्ही मागून म्हणायचो.

मध्येच ते थांबले. "पुढची ओळ कोण म्हणतंय? मी अजून वाचली नाही."

त्यांनी सगळ्यांना म्यूट केलं. तरी आवाज येत होता. बारीक, सावकाश, एकही शब्द न चुकता. शपथ संपली तेव्हाच तो थांबला.

अधिकाऱ्यांनी घाम पुसला. प्रफुल्लनं तेवढ्यात माईक चालू केला. "साहेब, आमच्यातला नसन तो. एवढं पाठांतर आमच्यात कोनाचंच नाई!"

*

टेंपररी सनद घेऊन मी पहिल्या पक्षकारासमोर बसले. जामिनाचं काम होतं. घाटंजीकडचे काका. त्यांनी माझं कार्ड हातात धरून उलटंपालटं केलं.

"टेंपररी म्हंजे?"

"म्हणजे परीक्षा व्हायचीय, काका. तोवर चालते."

काकांनी बराच विचार केला. "बाई, मंग पोराले जमानतबी टेंपररीच भेटन काय?"

*

लॉकडाऊन उठला तरी कोर्टात पक्षकार येत नव्हते. पण पुकारा करावाच लागे. शिपाई गजूभाऊ रोज रिकाम्या व्हरांड्यात उभे राहून तीनदा नाव घ्यायचे. समोरच्या भिंतीवरून आवाज घुमून परत यायचा, आणि मग 'पक्षकार गैरहजर'.

एकदा ते पुकारा करून आत आले ते पांढरेफटक. वानखडे साहेबांच्या कानाशी लागले. "साहेब, आज आवाज वापस नाई आला."

"म्हणजे?"

"तीनदा नाव घेतलं. भित्तीनं ठेवून घेतलं."

साहेब हसले. "गजू, तोंडाला मास्क लावून ओरडल्यावर आवाज काय घुमणार?"

गजूभाऊंनी खिशात हात घातला. "साहेब, मास्क तं हा राह्यला."

*

दुसऱ्या लाटेत प्रफुल्ल गेला. चार दिवस ताप, पाचव्या दिवशी यवतमाळला नेलं, तिथूनच त्याला शेवटचं नेलं. आम्हाला तोंडही पाहू दिलं नाही. राजूरला त्याच्या घरी गेलो तेव्हा आई म्हणाली, "परीक्षा तेवढी होऊ द्याले पाह्यजे होती वं."

परीक्षा बऱ्याच महिन्यांनी नागपूरला झाली. फॉर्म आम्ही तिघांनी एकाच दिवशी भरले होते, म्हणून नंबर लागून आले: प्रफुल्ल, मी, सविता. त्याचं नाव यादीतून कोणी काढलं नव्हतं. माझ्या शेजारचा, प्रफुल्लचा बाक रिकामा. मी तिकडे पाहायचं टाळत होते.

हजेरीचा कागद फिरत आला. प्रत्येकाचा छापील फोटो, नाव, समोर सहीचा चौकोन. प्रफुल्लचा चौकोन भरलेला होता. 'प्र'ची शेपटी ओढत थेट फोटोपर्यंत नेलेली. तो तशीच सही करायचा. शाई ओली होती. माझ्या बोटाला लागली.

"पुढे द्या, मॅडम," मागून पर्यवेक्षक म्हणाले. मी सही केली आणि कागद सविताकडे दिला. तिनं पाहिला. माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघी पेपर लिहायला लागलो.

निकाल लागला आणि दोन दिवसांनी प्रफुल्लचे वडील बाररूममध्ये आले. मोबाईल माझ्यापुढे धरला. "बाई, वाच बरं. हे बराबर हाय काय?"

प्रफुल्लचा नंबर. प्रफुल्लचं नाव. उत्तीर्ण.

मी म्हणाले, "काका, काही चूक झाली असेल."

त्यांनी ऐकलंच नाही. "पेपराच्या दिवशी तुह्या बाजूच्या बाकावर कोन बसलतं?"

"कोणीच नाही, काका. रिकामा होता."

त्यांनी मोबाईल पुसला, खिशात ठेवला, आणि कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा सैल झाला.

"मंग बराबर हाय. त्याले एकट्यानंच बसून लिहाची सवय होती."