गोळी न घेता या

तिच्या तोंडाचा पट्टा सुटला की गल्लीतली कुत्रीसुद्धा वाट बदलतात, असं लोक म्हणत. म्हणून तिचं नाव पडलं होतं तोफ. धंदा मात्र तोफेला न शोभणारा, रफूचा. कोटाला सिगारेटनं पडलेलं भोक असो की उंदरानं कुरतडलेली बाही, त्याच कापडाचा धागा काढून ती असं विणून द्यायची की गिऱ्हाईक भोक शोधत बसायचं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. आतल्या खोलीत तिचा नवरा, निवृत्त पोस्टमन.

उभा जन्म पायांवर काढलेला माणूस. त्याला कंपवातानं गाठलं, आणि हात थरथरण्यापेक्षा वाईट झालं ते पायांचं. दाराशी आला की पाय जमिनीला चिकटायचे. तिनं फरशीवर रंगीत चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारल्या होत्या, त्या ओलांडत तो कसाबसा संडासापर्यंत जाई. बाकी सगळी मदार गोळीवर. अख्खी गोळी घशाखाली उतरत नसे, म्हणून ती चमच्यात चुरडून पाण्यात कालवून द्यायची. अर्ध्या-पाऊण तासानं अंग सुटायचं. मग मान डुलायला लागायची आणि डावा खांदा आपोआप गोल फिरायचा. गोळीमुळेच होतं ते, डॉक्टरांनी सांगितलं होतं. खांदा फिरला की ती म्हणायची, "चला, गाडी सुरू झाली."

नव्या उपायांशी तिचं वैर नव्हतं. तेलं चोळून झाली होती, सुया टोचून झाल्या होत्या, लोहचुंबकाचा पट्टा बांधून झाला होता. पट्ट्यानं काही फरक पडला नाही, सुयांनी झोप जरा बरी लागली. तिनं हे सगळं डॉक्टरांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी मान वर न करता "हं" केलं. वर्षानुवर्षं आजार अंगावर वागवणाऱ्या माणसाच्या वाट्याला असे किती "हं" येतात! मग त्यानं दुसरं दार ठोठावलं तर त्याला अडाणी म्हणायला सगळे मोकळे.

हे दुसरं दार दाखवलं धाकट्या दिरानं. "वहिनी, एका उपचार केंद्राचं शिबिर आहे, परदेशी मशीन आहे. डोक्याला टोप लावतात आणि झोपलेल्या नसा जाग्या होतात. दादा पळायला लागेल बघा! फक्त त्या दिवशी सकाळपासून गोळी द्यायची नाही. तसा नियमच आहे त्यांचा."

त्या सकाळी दोघांनी पोस्टमनला अक्षरशः उचलून गाडीत घातलं. हॉलमध्ये त्याच्यासारखीच लाकूड झालेली माणसं खुर्च्यांवर मांडून ठेवलेली. आधी प्रत्येकाचं चित्रीकरण झालं. "चालून दाखवा," म्हणायचं आणि त्याला चालता येत नाही हे कॅमेऱ्यात टिपायचं. एकाची लाळ गळत होती, ती पुसायला निघालेल्या बायकोला त्यांनी थांबवलं. लाळ दिसायला हवी होती ना! मग सगळ्यांना पुडीतली पूड पाण्यातून पाजली, नसांना ओलावा म्हणून. त्यानंतर केंद्राचा प्रमुख बोलायला उभा राहिला. तो बोलत राहिला, बोलतच राहिला. मग एकदाचा दिवे लुकलुकणारा टोप आला.

टोप काढला आणि पोस्टमन उठला. हॉलच्या टोकापर्यंत गेला, वळला, परत आला. टाळ्यांचा कडकडाट झाला. तोफेच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि हात दुखले तरी ती टाळ्या वाजवत होती. तेवढ्यात त्याचा डावा खांदा गोल फिरला.

तिचे हात थांबले. "त्या पुडीत काय होतं?" तिनं तिथल्या मदतनिसाला विचारलं.

"ते गुप्त असतं, ताई."

घरी आल्यावर दिरानं पुड्यांचा खोका टेबलावर ठेवला. आता गोळ्या कायमच्या बंद, म्हणाला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मेल्यांनी आधी माणसाची गोळी काढून घेतली, त्याचं लाकूड केलं, आणि तीच गोळी पाजून देव झाले! अहो, उद्या पूड कमी पडली तर हा माणूस अंथरुणात दगड होईल!"

"वहिनी, खरं सांगू? दादा बरा झालेला तुम्हाला बघवतच नाही," दीर म्हणाला आणि चपला घालून निघून गेला.

मग पोस्टमन हळूच बोलला, "तीच होती. पहिल्या घोटालाच कळलं मला. ती कडू चव काय मी विसरतोय?"

"मग तिथं बोलला का नाहीत?"

"तू टाळ्या वाजवत होतीस."

नुसते पैसे लुबाडले असते तर तोफेनं चार शिव्या हासडून विषय संपवला असता. पण या लोकांनी तिचाच आनंद घेऊन तिच्या नवऱ्याच्या तोंडाला कुलूप लावलं होतं. हे ती सोडणार नव्हती.

पुढच्या शिबिराच्या सकाळी तिनं दुकान उघडलं नाही. नेहमीच्या वेळी गोळी चुरडली, पोस्टमनला पाजली, अंग सुटेपर्यंत थांबली आणि टॅक्सी बोलावली. पोस्टमन स्वतःच्या पायांनी हॉलमध्ये शिरला. टोप अजून पेटीतच होता. खुर्च्यांवर नवी माणसं, नव्या लाळा, नवा कॅमेरा. वाटेत तिनं तोंडभर शिव्या जमवून ठेवल्या होत्या, पण त्यानं तिचा हात दाबला आणि स्वतः बोलायला लागला. आजारानं त्याचा आवाज खोल गेलेला, पहिल्या रांगेपुढे जाईना. मग त्याचं एकेक वाक्य तोफेनं मागच्या भिंतीपर्यंत पोचवलं.

"मी घरची गोळी घेऊन आलोय."

"हे म्हणतायत, मी घरची गोळी घेऊन आलोय!"

"पूड नाही, टोप नाही, तरी चालतोय. पुडीतही तीच गोळी असते. मी चाखलीय."

तिनं तेही ओरडून सांगितलं. प्रमुख धावत आला, "कुणीतरी पैसे देऊन पाठवलंय यांना, बाहेर काढा!" म्हणाला. दोन मदतनिसांनी पोस्टमनचे दंड धरले. खुर्च्यांतूनही कुणी खेकसलं, "अहो बाई, तुम्हाला नको तर जा ना, आम्हाला तरी बरं होऊ द्या!" ते मात्र तिला लागलं. जाऊन त्या माणसाचे पाय धरावेत असं वाटलं तिला.

दुसऱ्या रांगेत एक मुलगी म्हाताऱ्या वडिलांना सावरून बसली होती. वडिलांची बोटं तिच्या ओढणीत अडकून ताठरली होती. तिनं ती एकेक करून सोडवली, पर्स उघडली, तळाशी दडवलेली गोळ्यांची पट्टी काढली आणि आजूबाजूला बघत विचारलं, "पाणी आहे का कुणाकडे?"