सोळावी जोडी

नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यात बन्सीधरनं नववीच्या वर्गाला शिकवलं, की झाडं रात्री मूत्रपिंड बाहेर सोडतात.

तोंडानं तो तसं बोलला नव्हता. बोलला होता फळा. प्रयोगशाळेच्या भिंतीवर प्लायवूडचा एक फळा टांगलेला होता. डावीकडे सोळा पितळी स्क्रू, उजवीकडे सोळा. डाव्या स्क्रूंपाशी प्रश्नांच्या चिठ्ठ्या, उजव्यांपाशी उत्तरांच्या, आणि क्रम मुद्दाम विस्कटलेला. दोन लोंबत्या वायरींची टोकं दोन बाजूंच्या स्क्रूंना टेकवायची. जोडी बरोबर असली की वरचा टॉर्चचा बल्ब लागायचा, चुकली तर नाही लागायचा. छडी नाही, ओरडा नाही. असा फळा बन्सीधरनं परभणीच्या कॉलेजातसुद्धा पाहिला नव्हता. हौसेनं त्यानं जुन्या पिवळ्या चिठ्ठ्या काढून टाकल्या, नव्या अभ्यासक्रमाच्या, सुवाच्य अक्षरात लिहिलेल्या लावल्या. फळ्याच्या मागं कोणती वायर कुठून कुठं जाते, एवढंच बघायचं राहिलं. बी.एस्सी. झालेल्या माणसाचं असंच असतं. अवघड ते सगळं येतं, सोपं तेवढं राहतं.

वर्ग हसून लोळला. हसले नाहीत ते फक्त दारात उभे असलेले मुंजाजीमामा. प्रयोगशाळेचे शिपाई, या शाळेत बावीस वर्षं. सही करता यायची, बाकी अक्षराशी वैर नव्हतं पण येणं-जाणंही नव्हतं.

"सर, वायरी व्यंकटराव सरांच्या हायत," ते म्हणाले. "त्या त्यांच्याच प्रश्नाला उत्तर देतेत. तुमच्या कशा देतील?"

व्यंकटराव सर म्हणजे बन्सीधरच्या आधीचे विज्ञानाचे शिक्षक. फळा त्यांनीच बनवलेला. ते वारून दोन वर्षं झाली होती.

"मग मागची फळी उघडून बघू की मामा."

"उघडू नका. मी सांगतो, लिहून घ्या."

आणि डोळे मिटून त्यांनी सांगितलं. डावीकडली पहिली, उजवीकडली नववी. दुसरी, चौथी. तिसरी, तेरावी. न अडखळता, पाढे म्हणावेत तसं. बन्सीधर लिहीत गेला. पंधरावर मामा थांबले.

"आणि सोळावी?"

"ती सोळाव्यालाच हाय. तिला चिठ्ठी लावायची न्हाई."

"का?"

"सेल मऊ पडलेत फळ्याचे," मामा म्हणाले आणि आपल्या टॉर्चमधले दोन सेल काढून त्यांनी फळ्याखालच्या पत्र्याच्या डबीत बसवले. "पगार झाला की आणून द्या. मला शेताकडं जायला लागतेत."

बन्सीधर हो म्हणाला. पगार झाला. आणखीही झाले. सेल आणायचं काही झालं नाही.

शाळा गंगाखेडहून राणीसावरगावकडं जाताना फाट्यावरून आत होती. रस्त्याकडच्या भिंतीवर कुणीतरी नामांतराची घोषणा रंगवलेली होती. हेडमास्तरांनी तिच्यावर दोनदा चुना मारला, पण भिंत ओली झाली की अक्षरं पुन्हा वर यायची. बन्सीधर म्हणायचा, या शाळेत काहीच पुसलं जात नाही. म्हणायचा गमतीनं.

फळा मात्र चालला. पोरं मधल्या सुट्टीत चिंचा सोडून रांग लावायला लागली. बन्सीधर दर सोमवारी प्रश्न बदलायचा आणि मामांच्या यादीप्रमाणं उत्तरं जागेवर लावायचा. दिवाळीपर्यंत वर्गात एकही उत्तर चुकेना. त्याला वाटलं, आपण भारी शिकवतो.

मग एकदा दहावीच्या तासाला त्यानं चिठ्ठ्या गंमत म्हणून उलट्या लावल्या. फळ्यावर नुसते कोरे कागद. "लावा आता," तो म्हणाला. मनकर्णा उठली. ही मुंजाजीमामांची थोरली. तिनं दोन्ही टोकं धरली, नजर खिडकीबाहेर ठेवली आणि पंधराच्या पंधरा जोड्या लावल्या. बल्ब पंधरा वेळा लागला, विझला.

"कसं केलंस गं?"

"बोटांना ठावं हाय सर. ल्हान होते तवापासून बाबासंगं फळा पुसायला येते."

मग त्यानं तेच प्रश्न तोंडी विचारले. मनकर्णानं सगळ्यांची उत्तरं दिली, कारणांसकट. बाकीच्यांनी फळ्याकडं पाहिलं. म्हणजे चार महिने तो पोरांना नाही, त्यांच्या बोटांना शिकवत होता. आणि खरं तर तोही शिकवत नव्हता. प्रश्न कुणाचेही असोत, कुठलं उत्तर बरोबर हे अजून व्यंकटराव सरच ठरवत होते.

शनिवारी सकाळची शाळा सुटली, मामा घंटेची दोरी गुंडाळायला गेले, तेव्हा त्यानं फळा उतरवला आणि मागची फळी उघडली. आत सगळं नीटस होतं, प्रत्येक जोडावर काळी चिकटपट्टी. नव्या क्रमानं जोडणी करता करता एका लांबच्या जोडीला वायर कमी पडली. सोळाव्या जोडीला तर चिठ्ठीही नव्हती, आणि तिचा जोड अर्धवट सुटलेला, लाकूड फुगलं की टेकणारा, वाळलं की सुटणारा. बन्सीधरनं ती वायर कापली आणि दुसरीकडं वापरली. कुणाचं काय अडणार होतं?

सोमवारी तो लवकर आला. प्रयोगशाळेची खिडकी उघडी होती. आत मामा चप्पल काढून फळ्यासमोर उभे होते. दोन्ही टोकं सोळाव्या जोडीला टेकवलेली.

"सर," ते फळ्याला म्हणत होते, "ताडकळसचे पाव्हणे गुरुवारी यायलेत. माघात लगीन मागतेत. मनकर्णाला दहावीला बसवू का?"

बल्ब लागला नाही.

मामांनी टोकं काढली, धोतरानं पुसली, पुन्हा टेकवली. पुन्हा विचारलं. अंधारच. तिसऱ्यांदा विचारताना त्यांचा आवाज खाली आला. मग त्यांनी वायरी खिळ्याला लावल्या आणि वळले, तर दारात बन्सीधर.

"काय करायलात मामा हे?"

"इचारायलो," मामा म्हणाले. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटत नव्हतं. "सर इथंच गेले. त्या स्टुलावर बसल्या बसल्या. सकाळी मी दार उघडलं तर वायरीचे दोनी शेंडे सोळाव्या जोडीला गुंडाळलेले, अन् बल्ब जळायलेला. भर उजेडात. लोकं आले, सरांना नेलं, बल्ब कुणी काढला न्हाई. मी बी न्हाई काढला. दुसऱ्या दिशी दुपारी आपसुक गेला. तवापासून मी इचारतो. बैल घेताना इचारलं, धाकटी कमल आजारी पडली तवा दवाखान्याचं इचारलं. हो असलं की लावतेत."

"आणि आज?"

"आज न्हाई म्हणलेत." मामांनी चप्पल पायात घातली. "पाव्हण्यांला हो सांगावं लागंल."

बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये होती. त्या वर्गात डोक्यानं उत्तर देणारी एकच पोरगी होती आणि तिचं उत्तर यानं पकडीनं कापलं होतं.

"मामा, सरांनी नाही म्हटलेलं नाही. मी शनिवारी फळा उघडला होता. सोळावीची वायर मीच कापली."

त्याला वाटलं, मामा रागावतील; बरं होईल. मामांनी खिळ्यावरच्या वायरी सरळ केल्या.

"कापली असंल," ते म्हणाले. "पण कापायची बुद्धी तुमाला कोणी दिली?"

मंगळवारी त्यानं मामांना समजावलं, ते हं हं म्हणाले. बुधवारी त्यानं लबाडी करायचं ठरवलं. दुपारी मामा पोस्टात गेले होते तेव्हा त्यानं फळा उतरवला, सोळाव्या जोडीला नवी वायर घातली आणि जोड असा पक्का केला, की पुन्हा कधी नाही म्हणायची सोयच राहू नये. टोकं टेकवून पाहिलं. बल्बच्या आत तार नुसती तांबूस झाली आणि विझली. सेल संपलेले. गावातल्या दुकानात सेल नव्हते. त्यानं डबीतले संपलेले सेल काढून खिशात घातले. गुरुवारी पहिल्या एस.टी.नं गंगाखेडहून नवे आणायचे, मामांच्या आधी पोचायचं, बसवायचे. पाहुणे दुपारी येणार होते.

गुरुवारी एस.टी. वाटेत पंक्चर झाली. बन्सीधर फाट्यापासून जवळजवळ पळतच आला. प्रयोगशाळेचं दार उघडं होतं. मामा स्टुलाशेजारी उभे होते, स्टुलावर नाही, शेजारी. तिथं कुणी बसलं असावं तसे.

"लागला सर," ते म्हणाले. "चांगला लख्ख लागला."

"काय?"

"बसवू का म्हणलं दहावीला. लागला. पाव्हण्यांला माघारी सांगावा धाडायलोय."

बन्सीधर फळ्यापाशी गेला. त्यानं खालची पत्र्याची डबी उघडली. रिकामी. आतल्या स्प्रिंगला बोट लावून पाहिलं, जणू सेल दिसत नसले तरी हाताला लागतील. मग हात वर करून बल्ब धरला आणि चटकन सोडला. बल्ब गरम होता.

खिडकीतून ऊन येत नव्हतं. ती बाजू पश्चिमेची.

"मामा, यात सेल नव्हते. काल मीच काढून नेले."

मामांनी रिकाम्या डबीकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही. वाटली असेल तर थोडी कीव वाटली.

मधल्या सुट्टीत त्यानं मनकर्णाला बाजूला घेऊन विचारलं, सकाळी तू इथं आली होतीस का. दुसरे सेल कुणी बसवून काढले असतील तर तीच, असा त्याचा हिशेब.

"मी कशाला येऊ सर?" ती म्हणाली. "एकली मी त्या खोलीत जातच न्हाई. सोळाव्याचं मला लय भ्या वाटतंय." आणि जाता जाता थांबून, "मला बसवायलेत म्हणं परीक्षेला. खरं हाय का?"

"खरं आहे."

ती हसली. मग पळाली.

संध्याकाळी शाळा सुटताना त्यानं पिशवीतले दोन नवे सेल मामांपुढं धरले. "हे घ्या. लई दिवस राहिले द्यायचे."

मामांनी हात मागं घेतला. "माझं फिटलं समजा. आज सेलाबिगर ज्यांनी लावला, त्यांला द्या."

"त्यांना कसे देऊ मामा?"

"ते तुमी बघा," मामा म्हणाले. "शिकलेले तुमी हाव."

मनकर्णा मार्चमध्ये गंगाखेडच्या केंद्रावर परीक्षेला बसली आणि पास झाली. पुढं परभणीला अकरावीला गेली. मामा दोन वर्षांनी निवृत्त झाले. जाताना त्यांनी सोळाव्या जोडीचे दोन स्क्रू तेवढे चिंचेनं घासून लखलखीत केले. फळा अजून चालतो. बन्सीधर दर महिन्याला मागची जोडणी बदलतो, त्यामुळं पोरं पुन्हा चुकायला लागली आहेत. त्याला ते बरं वाटतं. शाळा सुटली की डबीतले सेल काढून तो कपाटात ठेवतो, वायरींची दोन्ही टोकं खिळ्याला लावतो आणि कुलूप घालतो. सकाळी ती खिळ्यालाच असतात. बहुतेक वेळा.

गंगाखेडहून आणलेले ते दोन सेल मात्र त्यानं कशालाच वापरले नाहीत. कपाटाच्या खणात कागदात गुंडाळून आहेत. आता त्यांना पाणी सुटलंय, कागद चिकटलाय. स्टुलावर ठेवून यावेत असं बऱ्याचदा त्याच्या मनात येतं. पण सकाळी ते तिथं नसले तर काय, या एका प्रश्नापाशी तो थांबतो, आणि खण लावून घेतो.