चमनची माया

शिवाजी पेठेतल्या चमन टेलरनं मला पंधरा वर्षांत एकही विजार मापात शिवून दिली नाही. शिलाईच्या आत जादा कापड दुमडून ठेवतात, त्याला शिंपी 'माया' म्हणतात. बाकीचे अर्धा इंच ठेवतात, चमन दोन बोटं ठेवायचा. माझ्या विजारीत माझ्यापेक्षा मायाच जास्त. तक्रार केली की म्हणायचा, "बाळासो, मिसळ खातोस न्हवं? मग सुटणार की पोट! तवा माझी आठवण काढशील." तालमीच्या फुटबॉलवाल्यांच्या जर्सी तर अशा, की वारा सुटला तर अख्खा संघ उडत गोलात जाईल.

अठ्ठ्याण्णव साली त्याची एकुलती लेक शबनूर पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातवा लागला होता. पहिल्याच आठवड्यात तिच्या ड्रेसच्या बाह्या काचायला लागल्या. चमननं शिलाई उसवून माया सोडली. चार दिवसांनी पुन्हा काचल्या, त्यानं पुन्हा सोडली.

"लेकीनं अंग धरलं बघा!" तो गल्लीभर सांगत सुटला. "माहेरचं पाणी हाय हे!"

"अब्बा, डोकं लई ठणकतंय," शबनूर म्हणायची. तिची आई हुसेनबी कपाळाला सुंठ उगाळून लावायची.

तिसऱ्यांदा सोडायला माया उरली नाही, त्याच दुपारी शबनूरला आकडी आली. रिक्षात घालून आम्ही तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तिच्या पायावर अंगठा दाबला. खड्डा पडला, तो भरेचना.

"सूज आहे ही. रक्तदाब केवढा चढलाय! किती दिवस झाले?"

चमन म्हणाला, "दोन बाह्या झाल्या."

पोट चिरून मुलगी काढली. वजन अकराशे ग्रॅम. शबनूर वाचली, पोरगी काचेच्या पेटीत गेली. झबलं आणायला सांगितल्यावर चमन टेप घेऊन काचेपाशी उभा राहिला. आत हात घालू देईनात, म्हणून नजरेनंच माप घेतलं.

झबलं बघून नर्स हसली. "चाचा, यात तीन पोरी बसतील."

"माया हाय ती, बाई. वाढंल की."

पोरगी श्वास घ्यायला विसरायची. नर्सनं तळव्याला टिचकी मारली की आठवायची. "आजावर गेली," चमन म्हणाला. "मीबी गिऱ्हाइकाचं कापड इसरतो. बोंब मारली की आठवतंय." तो हसला, मी हसलो. नवव्या दिवशी सकाळी नर्सनं टिचकी मारली, पुन्हा मारली, मारतच राहिली.

कापड चमननंच फाडलं. मशीनजवळ गेला आणि तसाच मागं फिरला. "कफनाला शिलाई नसती, बाळासो," म्हणाला.

पुढच्या वर्षी माझं पोट खरंच सुटलं. त्यानंच चार महिन्यांपूर्वी शिवलेली विजार घेऊन गेलो. "सोड जरा माया."

त्यानं शिलाई उलटी करून दाखवली. आत दोरा धरेल एवढंच कापड.

"ठेवत न्हाय आता. काचलं तर कळू दे माणसाला."

मग माझा हात ओढून मनगटावर अंगठा दाबला आणि बघत बसला.

"अरे, मिसळीनं सुटलोय मी!"

"गप बस की," चमन म्हणाला. अंगठ्याचा ठसा पुरता जाईपर्यंत त्यानं हात सोडला नाही.