गाडीच्या पोटाला हळद-कुंकू

वडील दर अमावास्येला आमचा दुधाचा टेम्पो कळंब्याकडच्या ओढ्यावर नेऊन धूत. लिंबू-मिरची बदलायची, नारळ फोडायचा आणि गंज लागू नये म्हणून खालून चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, जळकं ऑईल फासायचं. हे सगळं संध्याकाळच्या दुधाआधी उरकायची घाई, त्यामुळे ऑईल लागायचं ते ओल्या लोखंडावर, चिखलासकट. गाडीच्या तोंडाला हार आणि पोटाला चिखल, अशी आमची भक्ती.

नव्वदीच्या अखेरीस एका उन्हाळ्यात गॅरेजातल्या मेस्त्रीनं चासीवर हातोडी मारली. टण आवाज यायचा तिथं थप असा आला आणि ऑईलखालून गंजाची खपली गळून पडली.

"एवढा पावसाळा काढंल, मालक. फुडचं काय सांगत न्हाय."

टेम्पो गेला तर वडिलांना पुन्हा दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून जावं लागणार होतं. मी लहान असताना ते तसेच लांब लांब जायचे. घरी आले की मी आईच्या मागं लपायचे, इतके परके वाटायचे. ते दिवस मला परत नको होते. रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला.

रात्री जेवताना वडील म्हणाले, "एवढं ऑईल पाजलं की हिला."

आई म्हणाली, "तवा धुतल्यावर चुलीवर वाळवल्याबिगर मी कधी तेल लावलंय का? ओल्यावर लावलं की पाणी आतच ऱ्हातंय."

वडिलांनी एक भाकरी जास्त खाल्ली.

दूध शेजाऱ्याच्या गाडीतून पाठवून आम्ही टेम्पो रिकामा उभा केला. मेस्त्रीनं कुजलेला तुकडा कापून पट्टी वेल्ड केली. आम्ही तिघांनी तारेच्या ब्रशनं बाकीचा गंज खरवडला, टेम्पोला उन्हात चांगला तापू दिला, मग गंज रोखणारा तांबडा रंग, रेड ऑक्साईड, लावला. माझ्या केसांतून तो कितीतरी दिवस गेला नाही. तेव्हापासून धुणं अमावास्येला आणि ऑईल दुसऱ्या दिवशी, ऊन खाऊन झाल्यावर.

पावसाळा सरला. मेस्त्रीनं पुन्हा हातोडी मारली, आणि टण आवाज आला.

दसऱ्याला वडील नवा पांढरा सदरा घालून टेम्पोखाली उताणे झाले आणि पट्टी जोडली होती तिथं हळद-कुंकू लावू लागले. एरवी कपड्याला डाग पडला तर घर डोक्यावर घेणारी आई खाली वाकली.

"पोरी," खालून वडील म्हणाले, "आता मी कुठं जात न्हाय."

आईनं पूजेचं ताट आणखी आत सरकवलं.