पक्कं कातडं

घाटंजीच्या बाजारातून यवतमाळला परतताना एसटीत तो माझ्या शेजारी बसला. पोट समोरच्या सीटला टेकलेलं, हातात जिलेबीचा पुडा. एक जिलेबी खायची, घटाघटा पाणी प्यायचं, की पुन्हा जिलेबी. "आपन खात्यापित्या घरचे," तो स्वतःच म्हणाला.

मग चप्पल काढून त्याने एक पाय सीटवर घेतला. टाचेत बाभळीचा काटा मोडलेला होता. भोवतीचं रक्त काळं पडलं होतं.

"काका, काटा रुतलाय तुम्हाला!"

"कुठं?" दुसऱ्या कुणाची असावी तशी त्याने टाच न्याहाळली आणि काटा उपसून काढला. अंग शहारलं ते माझं. त्याचं चावणं थांबलंसुद्धा नाही.

"दोन सालं झाले, काटा बोचतच नाही मले. कातडंच पक्कं झालं."

"साखर तपासली का कधी?"

"साखर?" तो हसला आणि पुडा माझ्यापुढे धरला. "घे ना, लाजू नको."

वाटेतल्या एका फाट्यावर तो उतरला. बस सुटल्यावर मला सीटखाली त्याची एक चप्पल दिसली. मी खिडकीतून ओरडलो. भर दुपारच्या तापल्या डांबरावर तो एका अनवाणी पायाने ऐटीत चालला होता. त्याने वळून पाहिलं, आणि मी निरोप घेतोय असं समजून हात हलवला.